आधी हाक, मग कुलूप

"आधी हाक मार. थांब. परत हाक मार. परत थांब. तिसऱ्या हाकेलाबी आतून ओ आली न्हाई, तरच कुलूप लाव."

हा आवाज माणिकराव तात्यांचा. दम्यानं चिरकलेला, तरी हळू. देवापुढं दिवा लावताना माणूस बोलतं ना, तितका हळू. तो आवाज माझ्या पोटात अजून फिरतो आहे.

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. तुमच्या घराच्या दाराला असतं तसलं चिमुकलं पितळी कुलूप नव्हे. मी घडीव लोखंडाचा. माझी दांडी अंगठ्याएवढी जाड आहे आणि माझ्या पाठीवर एक आकडा कोरलेला आहे. मी तुरुंगात होतो. हे ऐकून तुम्ही जरा मागं सरकलात, हो ना? सगळेच सरकतात. पण मी काही गुन्हा केला म्हणून तिथं नव्हतो. मला तिथं नोकरीला ठेवलं होतं.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका भट्टीत झाला. घण पडत होते, ठिणग्या उडत होत्या. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं शेवटी मला हातात तोलून म्हटलं होतं, "हे काही तुटायचं नाही." मला केवढा आनंद झाला होता! एखाद्या श्रीमंत पेढीवर जाईन, सोन्यानाण्याची राखण करीन, असं मला वाटलं. पण माझी पेटी उतरली ती एका मोठ्या शहराच्या तुरुंगात. त्या शहराचं नाव मी घेत नाही. तिथं आता दुसरी माणसं राहतात, त्यांना उगाच भीती नको.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. तुरुंग मात्र तसाच होता, काळ्या दगडांचा. भटारखान्याच्या मागं एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. छत इतकं बुटकं की उंच माणूस आत उभा राहू शकत नसे. तिला सगळे काळी खोली म्हणत. कुणी उलटून बोललं, कुणी भांडण केलं, की त्याला तिथं टाकत. त्या खोलीच्या दाराला मला लावलं.

तिथली एक रीत सांगतो. ती तुम्ही नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्या रीतीतूनच घडलं. पहारा बदलला की नवा शिपाई येई, मला धरून जोरात खाली ओढी, आणि मोठ्यानं ओरडे, "ताला ठीक, जंगला ठीक, सब ठीक!" मग दूरच्या बुरुजावरून उत्तर येई, "सब ठीक!" मित्रांनो, सगळे मला विचारत, की तू ठीक आहेस का. जंगल्याच्या गजांना विचारत. आतल्या माणसाला मात्र कुणी विचारत नसे. काळ्या खोलीतल्या कैद्याशी बोलायचं नाही, असा हुकूमच होता.

एका उन्हाळ्यात शहरातल्या सराफ्यात एका म्हाताऱ्या सराफाचा खून झाला. गळा आवळून. सगळी पेठ भ्यायली. दिवस मावळायच्या आत दुकानं बंद होऊ लागली, बायका पाण्याला एकट्या जाईनात. मग पोलिसांनी दिसेल त्या परक्या हमालाला उचललं. त्यात एक होता उत्तरेश्वर, बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावचा. पाऊस नाही म्हणून पोट भरायला शहरात आलेला, अंगानं किडकिडीत, आवाजानं बारीक. अजून त्याचा न्याय झाला नव्हता. तो कच्चा कैदी होता. पण "मी काही केलं न्हाई, मी काही केलं न्हाई" असं तो दिवसभर ओरडे. मोठ्या जमादाराला त्याचा कंटाळा आला.

"टाका त्याला मागं. गप बसंल."

त्याला आत ढकललं आणि मला लावलं. दुपार होती. दगड तापले होते.

तो आधी ओरडला. मग विनवू लागला. मग नुसतं "पाणी" म्हणू लागला. पहारा बदलला. नवा शिपाई आला, त्यानं मला ओढलं. "ताला ठीक, जंगला ठीक, सब ठीक!" आतून बारीक आवाज आला, "दादा, पाणी." शिपायानं मान वळवली आणि तो पुढं गेला. हुकूम होता ना. पुन्हा पहारा बदलला. पुन्हा मला ओढलं. मग एका पहाऱ्याला आतून काहीच आवाज आला नाही. तरी शिपाई ओरडलाच, "सब ठीक!" आणि बुरुजानंही सांगितलं, "सब ठीक!"

मला त्या क्षणी कसं वाटलं, ते कसं सांगू? माझ्या दांडीला आतून कुणीतरी बोटं लावून बसलंय, असं वाटत होतं. पण आत आता बोटं हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गावाकडून रजा संपवून एक शिपाई कामावर आला. तेच माणिकराव. चौसाळ्याजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या हातात किल्ली दिली आणि सांगितलं, काळी खोली उघड. त्यांनी मला उघडलं. दार आत गेलं नाही. दाराला कुणीतरी टेकून बसलं होतं.

मित्रांनो, पुढचं मी सांगत नाही. कागदावर 'ताप' असं लिहिलं गेलं. माणिकरावांना सांगितलं, "तू आज आलास. तुला काय माहीत? गप राहा, नोकरी कर."

काही महिन्यांनी खरा खुनी सापडला. तो सराफाचाच सख्खा पुतण्या होता. त्यानंच शेजाऱ्यांबरोबर रडारड केली होती. पेठेनं निःश्वास सोडला, दुकानं पुन्हा उशिरापर्यंत उघडी राहू लागली. उत्तरेश्वरचं नाव कुणी घेतलं नाही.

तोवर मला काळ्या खोलीवरून काढून मोठ्या फाटकातल्या दिंडीला, म्हणजे त्यातल्या छोट्या दाराला, लावलं होतं. "कुलूप लई मजबूत हाय, इथं पायजे," असं जमादार म्हणाला. ते माझं कौतुक होतं. मला ते गिळवेना. तिथंच एके सकाळी एक बाई आली. कडेवर भाकरीचं गाठोडं होतं आणि पाय धुळीनं पांढरे झाले होते. ती रतनबाई, उत्तरेश्वरची थोरली बहीण. त्याला आईच्या माघारी तिनंच वाढवलं होतं. तिला सांगितलं, तापानं गेला. ती हलली नाही. दिंडीवर माणिकराव उभे होते. तिनं त्यांचं बोलणं ऐकलं आणि ती जवळ आली.

"भाऊ, तुमी आमच्याकडचे दिसता. मला खरं सांगा. त्याला ताप कवाच येत नसायचा. शेवटाला तो कुणाशी बोलला? कुणी त्याला ओ दिली का न्हाई?"

माणिकरावांनी मागं पाहिलं. जमादार खुर्चीवर बसला होता.

"बाई, आज बोलता येत न्हाई," ते पुटपुटले. "एक दिवस मी तुमच्या दारात येऊन सांगीन. शबूद देतो."

"वाट बघते," ती म्हणाली. गाठोड्यातली भाकरी तिनं दिंडीच्या पायरीवर ठेवली आणि ती निघून गेली.

वर्षं गेली. माणिकराव गेले नाहीत. आधी नोकरीची भीती होती. मग इतका उशीर झाल्याची लाज. मग दमा. भीतीची सवय लागते, मित्रांनो, आणि सवय झाली की माणूस तिला शहाणपण म्हणतं. पण एक गोष्ट त्यांनी त्या दिवसापासून सोडली नाही. कोणतंही दार लावण्याआधी ते आत वाकून हाक मारत. एकदा नव्हे, तीनदा. दुसरे शिपाई हसत. ते म्हणत, "भेदरलेलं माणूस पहिल्या हाकेला बोलत नसतं. दुसऱ्या हाकेला त्याला वाटतं, खरंच कुणी हाय. तिसऱ्या हाकेला त्याच्या तोंडातून आवाज निघतो." पुढं त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. रोज सकाळी अंघोळ करून, मेणबत्ती लावून ते पंचशील म्हणत. पहिल्या शीलाशी, जीव घेणार नाही या शब्दांशी, त्यांचा आवाज रोज अडखळायचा. त्यांनी कुणाचा जीव घेतला नव्हता. तरी अडखळायचा.

तुरुंगाची जुनी इमारत पाडली, तेव्हा आमचं लोखंड मोडीत निघालं. माणिकरावांनी मला त्या ढिगातून शोधून काढलं आणि विकत घेतलं. परत कुणा माणसावर मला लावायला नको, म्हणून. आणि निवृत्त होऊन ते गावी आले. त्यांच्या घरात मी खुंटीला लटकत राहिलो. शांत दिवस होते ते.

मग हा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले. मेंढरं घेऊन धनगर लांब लांब गेले आणि निम्मी मेंढरं वाटेतच टाकून परत आले. सरकारनं खडी फोडायची कामं काढली. मिलोची लाल ज्वारी आली, कामावरच्यांना वाटायच्या सुकडीची पोती आली, आणि ती ठेवायला गावच्या सोसायटीचं गोदाम होतं. दगडी भिंती, वर पत्रा, गावाबाहेर सडकेच्या कडेला. सोसायटीचे चेअरमन आप्पाराव एक दिवस तात्यांकडे आले.

"माणिकराव, धान्यापायी लोक कायबी करतील. तुमच्या त्या जेलच्या कुलपाला तोड न्हाई. आन् राखायला तुमीच बसा."

तात्यांनी मला खुंटीवरून उतरवलं. मग म्हणाले, "पोत्यांवर लावायचं असंल तर देतो. पर लावायची रीत माझी."

अशी माझी पुन्हा नोकरी सुरू झाली. दुपारी गोदाम बंद करताना आणि दिवस मावळताना तात्या दारात वाकत आणि हाक मारत, "कोण हाय आत?" थांबत. पुन्हा मारत. पुन्हा थांबत. तिसरी मारून मग मला लावत.

आता या हाकेचं पुढं काय झालं बघा. जवळच्या माळावर खडी फोडणाऱ्या बाया होत्या. त्यांना गोदाम दिसत नसे, पण वाऱ्यावर पहिल्या दोन ओढलेल्या हाका ऐकू जात; तिसरीला तात्यांचा दम पुरत नसे, ती तिथवर पोचत नसे. भर दुपारी, नाहीतर तिन्हीसांजेला. कुणीतरी माझ्या पाठीवरचा आकडा पाहिला होता. झालं! गोदामात जेलचं कुलूप आहे, त्याच्याबरोबर कुणा कैद्याचं भूत आलंय, ते दुपारचं हाका मारतंय, अशी आवई उठली. आपल्याकडे आयाबाया सांगतातच, की भर दुपारी आणि तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसऱ्याही देऊ नये. भूत तिसरी हाक मारत नाही. तिसरी हाक आली तरच ते माणूस.

तात्यांना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला तोंड नाही.

परवाची गोष्ट. तात्यांचा दमा उसळला होता, म्हणून चार-सहा दिवस त्यांचा मुलगा शहादेव राखणीला येत होता. तिशीतला गडी, मनानं वाईट नव्हे, पण थट्टेखोर. बापाच्या हाकांची त्याला लाज वाटे.

"तात्या, पोत्यांला हाका मारता व्हय? उद्या सुकडी ओ दिल, मग काय करचाल?"

"दिल तर बरंच हाय. तू मारचील का न्हाई?"

"मारीन, मारीन. शप्पत."

त्याच दिवसांत आप्पारावांनी खडीवरच्या दोन-तीन बायांना फाटकी बारदानं शिवायला गोदामात पाठवलं होतं. त्यात सिंधुबाई होती, धनगराच्या वाडीवरची. तिच्या शेळ्यामेंढरांतली एकच शेळी आता उरली होती. परवा तिचा खंडोबाचा उपास होता. पहाटे वाडीवरून चालत आलेली, पोटात पाण्याशिवाय काही नाही. चौसाळ्याचा बाजार होता, म्हणून बाकीच्या बाया दाभणं खोचून लवकर उठल्या. सिंधुबाई म्हणाली, "तुमी व्हा पुढं, येते मी." आणि पोत्यांच्या थप्पीच्या मागं, रिकाम्या बारदानांच्या गार ढिगावर जरा टेकली. तिचा डोळा लागला.

शहादेव आला. सडकेवर जीप भोंगा वाजवत होती. ती बाजाराला निघाली होती. त्यानं एक दार लोटलं, दुसरं लोटलं, फटीत तोंड घातलं.

"कोण हाय बे आत?" तो हसत ओरडला.

मला आतून ऐकू आलं. बारदान खसखसलं. ती जागी झाली होती. गच्च अंधारात, भर दुपारी, त्या बदनाम गोदामात एक पुरुषी आवाज तिला हाक मारत होता. तिनं पदर तोंडात कोंबला आणि श्वास धरला. ती दुसऱ्या हाकेची वाट बघत होती.

दुसरी हाक आली नाही. माझी दांडी खाली बसली. खटकन आवाज झाला. शहादेवनं मला ओढूनही पाहिलं नाही. किल्ली खिशात टाकून तो जीपकडे पळाला.

मित्रांनो, हा खटका मी आयुष्यात किती वेळा वाजवला असेन. त्या दुपारी मात्र तो माझा मलाच लागला.

सिंधुबाई थोडा वेळ तशीच बसली. मग तिला कळलं. ती धावत दाराशी आली, "ए! मी हाय! मी हाय आत!" तिनं दार बडवलं. पण जीप गेली होती, बाया गेल्या होत्या. वैशाखातलं ऊन पत्र्यावर उतरत होतं. पत्रा तडतड वाजत होता. माझं अर्धं अंग बाहेर भाजत होतं आणि अर्धं दाराला टेकलेलं होतं, त्या दाराच्या पलीकडे तिचा श्वास होता. बराच वेळ ती ओरडत होती. मग तिचा घसा बसला. मग ती नुसतं एकच म्हणू लागली.

"पाणी."

तोच शब्द. त्याच सुरात. मला वाटलं, मी अजून काळ्या खोलीवरच आहे. मधली सगळी वर्षं खोटी होती. आता शिपाई येईल, मला ओढील आणि म्हणेल, सब ठीक. ज्या मजबुतीसाठी माझं कौतुक झालं, ती मजबुती मला नकोशी झाली. मी मनोमन म्हणत होतो, मी गंजून पडू दे, माझी दांडी तडकू दे. पण कारागिरानं खरं सांगितलं होतं. मी तुटणारा नव्हतो.

सावली भिंतीच्या पायथ्यातून बाहेर सरकली, तेव्हा सडकेवरून काठीचा आवाज आला. तात्यांचं घर गोदामापासून हाकेच्या अंतरावर. खाटेवर पडल्या पडल्या ते रोज लेकाच्या हाका मोजत. परवा त्यांना एकच ऐकू आली होती. बंद दाराआडचं सिंधुबाईचं ओरडणं मात्र त्या दगडी भिंतींतून त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. लेकाला बोलवायला घरात कुणी नव्हतं, सगळे बाजारात. ते उठत होते, बसत होते, धापा टाकत होते. शेवटी पाण्यानं भरलेला तांब्या एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात घेऊन निघाले. दर पाचपन्नास पावलांवर थांबत, ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. ओठ निळे पडले होते.

"कोण हाय आत?"

मित्रांनो, आतला 'पाणी' हा शब्द एकदम थांबला. सिंधुबाईनं हाच आवाज खडीवरून ऐकला होता. हीच ती दुपारची हाक, कैद्याची. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

तात्या थांबले. कान दाराला लावला. काही नाही.

"कोण हाय आत?"

काही नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, की आहे, आहे, माझ्या मागं एक जीव आहे, जाऊ नका! तात्यांनी कपाळ पुसलं. एकदा सडकेकडे पाहिलं. त्यांना उभं राहवत नव्हतं. आत काही नाही असं समजून ते परत गेले असते, तर त्यांना कुणी दोष दिला नसता. पण ते उंबऱ्यावर बसले, दम धरला, आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन तिसरी हाक मारली.

"कोण हाय आत? बाई असशील तर बाई म्हण, लेकरू असशील तर रड. पर बाबा, गप बसू नको."

आत बारदानाची सळसळ झाली. आणि मग, मुंगीच्या पावलाएवढी,

"ओ."

तात्यांनी डोळे मिटले. त्यांचे हात माझ्यावर आले.

"कोण तू?"

"सिंधू. वाडीवरची. तुमी कोण? कैदी का?"

"न्हाई गं बाई. मी माणिकराव, कैद्याचा राखणदार. किल्ली माझ्यापाशी न्हाई. पर पाणी हाय. खाली ये, उंबऱ्याला. तिथं फळी कुरतडलीय उंदरानं. पदर लाव."

त्यांनी तांब्या तिरका केला. धार फटीतून आत गेली. आतून पदर पिळल्याचा आणि घोटाचा आवाज आला. मी तो आवाज ऐकत राहिलो. त्या काळ्या खोलीत हाच आवाज यायला हवा होता, मित्रांनो.

मग तात्यांनी खडीचा दगड उचलून माझ्यावर मारला. एकदा, दोनदा. मला लागलं, पण मी हललो नाही. त्यांना खोकल्याची उबळ आली. दगड गळून पडला.

"सिंधू, आता मी हाक मारीत बसतो. तू ओ देत ऱ्हायचं. तू थांबलीस की माझा जीव जातो, ध्यानात ठेव."

"तात्या, दुपारचं हाका मारतेलं ते तुमीच का?"

"मीच की."

"आन् आमी भूत म्हणत व्हतो!"

"भूत कशाला इचारतंय, आत कोण हाय म्हणून? भुताला ठाऊक असतं."

ती हसली की रडली, मला कळलं नाही. तात्या हाक मारत, ती ओ देई. मधूनच ती उशिरा ओ देई, तेव्हा तात्यांची काठी उंबऱ्यावर आपटे, "सिंधू!" असं चालू असताना एकदा ओ आलीच नाही. तात्यांनी पुन्हा हाक मारली. नाही. पुन्हा. नाही. ते उठायला गेले आणि कोसळले. त्यांचं डोकं माझ्याखाली दाराला टेकलं. दाराच्या एका बाजूला ते, एका बाजूला ती, आणि मधे मी.

तेवढ्यात सडकेवर जीप थांबली. शेवेची पुडी हातात घेऊन शहादेव उतरला. बाप दाराला टेकून बसलेला बघून तो हसला.

"तात्या, कावून इथं बसला? पोतं ओ द्याया लागलं का न्हाई अजून?"

आणि आतून, अगदी खोलातून, घोगरा आवाज आला, "पोतं नव्हं रं मुडद्या. मी हाय."

पुडी खाली पडली. शेव मातीत सांडली. शहादेवचं तोंड पांढरं झालं. त्यानं किल्ली काढली, पण ती माझ्या भोकात शिरेना. मी तापलो होतो, माझ्यात धूळ होती. मी सगळं बळ एकवटलं. उघडण्यासाठी आजवर मी कधीच बळ लावलं नव्हतं. खटका वाजला. दार उघडलं आणि सिंधुबाई उंबऱ्यावर पडली. जिवंत होती.

बाजारातून परतलेली माणसं जमली. कुणी पाणी शिंपडलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. आप्पाराव पुढं आले आणि माझ्याकडे काठी दाखवून म्हणाले, "आधी फेका ते जेलचं लोखंड हिरीत! त्या कैद्यानं आज बळी घेतला असता."

बाभळीखाली बसलेले तात्या एकदम बोलले. इतक्या माणसांत मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"लोखंडाला कावून शिव्या देता? आन् कैद्यालाबी देऊ नका. त्याचं नाव उत्तरेश्वर व्हतं. युसूफ वडगावचा. त्यानं काई केलं नव्हतं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. काळी खोली, पहारा, पाणी, ताप लिहिलेला कागद. ज्याला सगळे भूत म्हणत होते, त्याला एक नाव आलं, गाव आलं, बारीक आवाज आला. आणि मला वाटतं, भीती तिथंच थोडी कमी झाली.

सिंधुबाईनं ओल्या पदरातून मान वर केली. "आन् तात्या, त्याच्या बहिणीला कुणी सांगितलं?"

तात्यांनी छातीवर हात ठेवला. "येतो म्हणून शबूद दिला व्हता. आता माझा दम सडकेपस्तोरबी पुरत न्हाई."

शहादेव मागं उभा होता. सांडलेली शेव तो एकेक करून वेचत होता.

मित्रांनो, कुलपाचं काम राखायचं. पण मी कुणाला आत ठेवतोय, हे मला दिसत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं. तुमच्या हातून एखादं दार लागेल, शाळेचं, कोठाराचं, नाहीतर मनाचं, तेव्हा आधी वाकून हाक मारा. एकदा मारून निघून जाऊ नका. आत कुणी भेदरून गप्प बसलेलं असेल, आणि त्याला तुमच्या तिसऱ्या हाकेपर्यंत वेळ हवा असेल.

ही गोष्ट मी तुम्हाला एका कापडी पिशवीतून सांगतो आहे. आज तांबडं फुटायला शहादेव गोदामावर आला. दारात वाकला आणि हाक मारली. थांबला. पुन्हा मारली. थांबला. तिसरी मारली, आणि मग दाराला एक नवं कुलूप लावून किल्ली आप्पारावांच्या घरी दिली. मला त्यानं धुतलं, तेल लावलं आणि तात्यांच्या पांढऱ्या उपरण्यात गुंडाळलं. बापाचा शब्द पुरा करायला तो निघाला आहे: चौसाळ्याहून मांजरसुंब्याच्या फाट्यावर, तिथून केजची गाडी, पुढं युसूफ वडगाव. रतनबाई आहे की नाही, असली तर मला बघून काय करील, या विचारानं मी गार पडलो आहे. शहादेवही भ्यायला आहे. त्याचा हात पिशवीतून मला सारखा चाचपतो.

बापाला त्यानं काही सांगितलेलं नाही. आत तात्या मेणबत्तीपुढं बसून शील म्हणत आहेत. तो उंबऱ्याशी थांबला, आत वाकला.

"तात्या?"

"ओ."

तेवढं ऐकून त्यानं पिशवी खांद्यावर घेतली आणि तो सडकेला लागला.